खुब्याचे हाड मोडल्यावर वेदनाशमन: नर्व्ह ब्लॉक की शिरेतून औषध?

घरात पाय घसरून पडलेल्या वृद्ध व्यक्तीला उठता येत नसेल आणि तिचा एक पाय आखूड दिसून पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव मोठा असतो. अशा व्यक्तीला उभे करून पाहू नये. आडवेच ठेवून रुग्णालयात न्यावे.

तेथे पोहोचल्यावर, रुग्ण निश्चल पडलेला असताना वेदनेचा अंदाज बांधू नये. स्वस्थ पडून राहिल्यास हे दुखणे बऱ्याचदा सोसवते. मात्र एक्स-रेच्या टेबलावर घेताना, चादर बदलताना किंवा बेडपॅन लावताना तेच असह्य होते. नर्व्ह ब्लॉक (नसांजवळ दिलेले बधिरतेचे इंजेक्शन) आणि शिरेतून दिलेले औषध या दोन्ही उपायांतील खरा फरक येथेच कळतो. मॉर्फिन, फेंटानिल किंवा ट्रॅमाडॉल शिरेतून दिले, तर ते मेंदू व मज्जारज्जूवर काम करते, आणि हालचालीची कळ दबेल एवढी मात्रा दिल्यास हालचाल थांबताच तीच मात्रा जास्त ठरून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो, त्याचा श्वास मंदावू शकतो. ब्लॉकमध्ये बधिरतेचे औषध जांघेजवळ, खुब्याकडे जाणाऱ्या नसांच्या परिसरात सोडले जाते. त्यामुळे कळ मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात ४९ चाचण्या तपासल्या गेल्या; ब्लॉकनंतर अर्ध्या तासात हालचालीची वेदना दहापैकी सुमारे अडीच गुणांनी कमी झाली आणि वृद्धांना होणारा तीव्र भ्रमही कमी आढळला. वडीलधाऱ्या माणसाला रात्रभर बरळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दुसऱ्या लाभाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून अस्थिभंगाचे निदान होताच, शस्त्रक्रियेच्या वेळेची वाट न पाहता, “ब्लॉक देता येईल का आणि किती वेळात?” असे भूलतज्ज्ञांना किंवा अपघात विभागातील डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. त्याच वेळी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंडाचे विकार, औषधांची ॲलर्जी आणि रुग्णाचे वजन सांगावे, कारण बधिरतेच्या औषधाची सुरक्षित मर्यादा वजनावर ठरते. दरम्यान पॅरासिटामॉल सुरू करण्यास सहसा अडचण नसते. ५० किलोंहून अधिक वजनाच्या प्रौढाला ते शिरेतून दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत देतात, हलक्या किंवा अशक्त रुग्णाला त्याहून कमी. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन मात्र सवयीने दिले जाऊ नये. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेची मार्गदर्शक सूत्रे अशा रुग्णांत या गटातील (स्टेरॉइड नसलेल्या दाहशामक) औषधांची शिफारस करत नाहीत, आणि मूत्रपिंड व जठर यांना असलेला धोका पाहता मला तो सल्ला पूर्णपणे पटतो.

फॅशिया इलियाका हा जांघेतील स्नायूच्या आवरणाखाली दिला जाणारा ब्लॉक बहुधा सोनोग्राफीत पाहून देतात. त्यात रोपिव्हाकेन किंवा बुपिव्हाकेनचे ३० ते ४० मिलिलिटर सौम्य द्रावण वापरले जाते. खुब्याच्या सांध्याभोवतीच्या नसांसाठी असलेल्या आणि २०१८ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या ‘पेंग’ ब्लॉकमध्ये मांडीची ताकद तुलनेने अधिक टिकते. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज किंवा तोंडात धातूची चव जाणवल्यास रुग्णाने लगेच सांगावे; औषध रक्तात अधिक गेल्याची ती खूण असू शकते.

अर्ध्या तासाने पाय अलगद हलवून वेदना पुन्हा विचारावी. खुब्याच्या मागील भागाच्या नसा या ब्लॉकमध्ये येत नसल्याने थोडी कळ उरू शकते, आणि तिच्यासाठी मॉर्फिनची लहान मात्रा पुरते. आधीच मॉर्फिन दिलेले असेल, तर ब्लॉकनंतर श्वासाकडे विशेष लक्ष असू द्यावे, कारण रुग्णाला जागे ठेवणारी वेदना आता ओसरलेली असते. ब्लॉक देणारे कोणी उपलब्ध नसेल, तर नियमित पॅरासिटामॉल आणि ऑक्सिजनच्या पातळीवर नजर ठेवून थोडे थोडे दिलेले मॉर्फिन हाच योग्य मार्ग होय.

एकदा दिलेल्या ब्लॉकचा परिणाम काही तासांनी ओसरतो. तो मध्यरात्री उतरणार असेल, तर पॅरासिटामॉलची पुढची मात्रा कोण व केव्हा देणार, हे परिचारिकांना संध्याकाळीच विचारून ठेवावे.