दुनळी महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर

कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी बंदूक वर्षातला बराच काळ कपाटातच असते. मग प्रश्न येतो, पडून राहून हिच्या स्प्रिंगा बसतील, म्हणजे त्यांचा जोर जाईल का? चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने सहसा बसत नाही. ती थकते वारंवार दाबल्या-सुटल्याने, आणि मोडते बहुधा गंजाने. गंजाचा सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी ओल थांबवा.

पहिलं काम, बंदूक उघडा. दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघा, बोट घालूनही तपासा. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा.

मग गजाला चिंधी लावून नळ्या पुसा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. नळ्यांच्या आत आणि बाहेरच्या लोखंडावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकटतं आणि घोड्यांची, म्हणजे चाप ओढल्यावर पिनेवर आपटणाऱ्या भागांची, हालचाल जड करतं. त्यानंतर धातूला उघडा हात लावू नका. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे तांबूस उमटतात, हे मी आमच्याच बंदुकीवर पाहिलंय.

आता स्प्रिंग. १८७५ साली बर्मिंगहॅमला निघालेल्या ॲन्सन-डीली पद्धतीच्या दुनळीत घोडे आत असतात आणि बंदूक उघडली की ते चढतात, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. जुन्या बंदुकांत दुमडलेल्या पाट्याची स्प्रिंग असते. ती बदलून मिळणं कठीण, म्हणून तिच्यावरचा ताण उतरवलेला बरा. दोन्ही नळ्यांत डमी, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं घाला, बंदूक मिटा, नळी सुरक्षित दिशेला धरून दोन्ही चाप ओढा. रिकाम्या नळीवर चाप ओढू नका, आतली पिन तुटू शकते. नंतर उघडलीत तर घोडे पुन्हा चढतील, तेव्हा ती तशीच मिटलेली ठेवा.

चामड्याच्या म्यानात ठेवायचा मोह टाळा. चामडं ओल धरून बसतं. कोरड्या, कुलूपबंद कपाटात, भिंतीपासून दूर, नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या झाल्या की बदला.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून बघा, तेलाचा हात फिरवा, ताण पुन्हा उतरवा. आणि वापरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढा.