सोसायटीच्या वेबसाइटचं लॉगिन: आधी कागदावर, मग कोडमध्ये

गृहनिर्माण सोसायटीची वेबसाइट करायला घेतली की बहुतेक जण आधी लॉगिनचं पान सजवत बसतात. ते राहू द्या. एका कागदावर डावीकडे पदं लिहा: सचिव, खजिनदार, सभासद, भाडेकरू, वॉचमन. वरच्या ओळीत कामं: मेंटेनन्सचं बिल पाहणं, पावती बनवणं, सभेचं इतिवृत्त चढवणं, पाहुण्यांची नोंद. ज्याला जे लागतं तिथेच खूण करा. शंका असेल तर चौकट रिकामी ठेवा. हक्क नंतर देता येतो, दिलेला काढताना भांडणं होतात. हक्क पदाला जोडा, माणसाला नको. निवडणुकीनंतर खजिनदार बदलला तरी काम सोपं राहतं. अख्ख्या कमिटीत एकच ‘अॅडमिन’ खातं मात्र नको. मग पावती कुणी रद्द केली, हे कळणारच नाही.

पासवर्ड जसाच्या तसा साठवू नका. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धतीने केलेला हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा ठसा, ठेवा. या पद्धती मुद्दाम संथ आहेत, आणि तेच हवं: चोराला एकेक पासवर्ड अंदाजाने तपासायला वेळ लागतो. २०१२ साली लिंक्डइनचे लाखो हॅश बाहेर पडले. ते सॉल्टविना (प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी अक्षरं न मिसळता), झटपट चालणाऱ्या एसएचए-१ पद्धतीने केलेले होते, म्हणून भराभर फुटले.

साइट एचटीटीपीएसवरच, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सांकेतिक जोडणीवरच, चालवा. लॉगिन चुकलं तर ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ एवढंच सांगा आणि पुन्हापुन्हा चुकणाऱ्याला थांबवा. लॉगिन जमल्यावर सेशन आयडी (आत आलेला माणूस ओळखायची खूण) नवा द्या. तो ठेवणाऱ्या कुकीवर सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जाते), एचटीटीपी-ओन्ली (पानावरच्या स्क्रिप्टला वाचता येत नाही) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर जाण्यावर बंधन) लावा. हिशेब पाहणाऱ्यांना ऑथेंटिकेटर अॅपचा, दर ३० सेकंदांनी बदलणारा कोडही सक्तीचा करा. दरमहा पासवर्ड बदलण्याची सक्ती नको, लोक फक्त शेवटचा आकडा वाढवतात.

खरी मेख पुढे आहे. बटण लपवलं म्हणजे हक्क काढला असं होत नाही. बिलाच्या वेबपत्त्यात (यूआरएल) ४१२च्या जागी ४१३ टाकून शेजाऱ्याचं बिल उघडत असेल, तर लॉगिन असून नसल्यासारखं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत हक्कतपासणीतल्या अशा चुका पहिल्या क्रमांकावर आहेत. म्हणून प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर दोन गोष्टी तपासा: या पदाला हे काम करता येतं का, आणि हे बिल याच फ्लॅटचं आहे का. दुसरी तपासणी हमखास राहून जाते. भाडेकरू घर सोडून गेला की खात्याबरोबर त्याचं चालू सेशनही बंद करा.

साइट लोकांच्या हाती देण्यापूर्वी सभासदाच्या खात्यात शिरा आणि खजिनदाराच्या पानांचे पत्ते थेट टाइप करा. प्रत्येक वेळी ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा सर्व्हरचा नकार, आला पाहिजे. मग तीच परीक्षा वॉचमनच्या खात्यातून.