डॉक्युमेंट्स, डाउनलोड्सचा मार्ग प्रोग्रॅमने कसा शोधावा

लालबागच्या एका दुकानासाठी बिलांचा प्रोग्रॅम लिहिताना मी वापरकर्त्याच्या होम फोल्डरच्या मार्गापुढे (पाथपुढे) ‘डॉक्युमेंट्स’ हा शब्द सरळ जोडून टाकला होता. क्लाउड बॅकअप सुरू झाल्यावर त्या संगणकावरचे खरे डॉक्युमेंट्स फोल्डर दुसरीकडे गेले. माझ्या प्रोग्रॅमने मात्र जुन्या जागी त्याच नावाचे नवे फोल्डर तयार करून महिनाभराची बिले तिथे साठवली, आणि मालक ती भलतीकडेच शोधत राहिले. चूक सर्वस्वी माझी होती. हा मार्ग गृहीत न धरता ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारावा लागतो.

विंडोजवर व्हिस्टापासून त्यासाठी ‘एसएच-गेट-नोन-फोल्डर-पाथ’ हे फंक्शन आहे. त्याला फोल्डरचा ठरलेला आयडी दिला की, वापरकर्त्याने ते डी ड्राइव्हवर हलवलेले असले तरी, सध्याचा मार्ग मिळतो. वापरून झाल्यावर मार्गाच्या त्या मजकुराची मेमरी आपणच मोकळी करायची असते. विंडोजच्या जुन्या सीएसआयडीएल यादीत (फोल्डरांच्या ठरावीक क्रमांकांच्या यादीत) डाउनलोड्स मुळात नाहीच, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

लिनक्सवर फोल्डरांची नावे लॉगिनच्या भाषेप्रमाणे बदलू शकतात, म्हणून इंग्रजी नावावर विसंबणे तिथे अधिकच धोक्याचे ठरते. होममधील ‘डॉट-कॉन्फिग’मध्ये ‘यूजर-डिर्स-डॉट-डिर्स’ ही साधी फाइल असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत एकेका फोल्डरचा मार्ग लिहिलेला असतो. त्यातली नावे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलसारखी (सिस्टिम चालू प्रोग्रॅमला पुरवते त्या मूल्यांसारखी) दिसतात, पण सहसा ती तशी उपलब्ध नसतात. इथे अनेक जण फसतात. त्यापेक्षा ‘एक्सडीजी-यूजर-डिर’ ही कमांड, पुढे ‘डाउनलोड’ हा शब्द कॅपिटल अक्षरांत देऊन, प्रोग्रॅममधून चालवावी आणि तिचे उत्तर वाचावे. फोल्डर ठरलेले नसेल तर ती होमचाच मार्ग परत करते, त्यामुळे उत्तर होमशी ताडून पाहावे; अन्यथा वापरकर्त्याच्या होममध्ये आपल्या फायलींचा पसारा होतो.

मॅकवर सिस्टिमच्या ‘फाइल-मॅनेजर’ या क्लासला विचारावे, सँडबॉक्समधील (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या) ॲपला मात्र उत्तरात स्वतःच्या कंटेनरमधला, म्हणजे त्याच्यासाठी राखलेल्या फोल्डरमधला, मार्ग मिळतो.

तिन्ही सिस्टिमवर चालणारा प्रोग्रॅम असेल तर क्यूटी या लायब्ररीतील ‘क्यू-स्टँडर्ड-पाथ्स’ किंवा पायथनसाठीची ‘प्लॅटफॉर्म-डिर्स’ ही लायब्ररी वापरणे मला सोयीचे वाटते. मार्ग मिळाला म्हणजे फोल्डर अस्तित्वात आहेच असे नसते. ते तपासून, नसल्यास तयार करावे.

शेवटी, चाचणी म्हणून, लिनक्सवर ‘यूजर-डिर्स-डॉट-डिर्स’मधील डाउनलोडची ओळ बदलून, किंवा विंडोजवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील लोकेशन टॅबमधून जागा हलवून, प्रोग्रॅम पुन्हा चालवावा. फाइल नव्या जागीच जमा झाली पाहिजे.