काटकसरीचं चॅलेंज : कोल्हापुरात एक महिना हिशोबात कसा काढावा

महिनाभराचं काटकसरीचं चॅलेंज म्हटलं की पहिल्या तारखेला लोक मटण बंद करतात, चहा बंद करतात, टीव्हीचं रिचार्जही बंद करतात. दुसऱ्या रविवारी पाहुणे येतात आणि सगळं मोडतं. कोल्हापुरात हे असंच होणार. ज्या गावात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं आणि त्यासाठी कृती समिती उभी राहिली, तिथं बजेटमध्ये मटणाची ओळ कोरी ठेवून कुणी महिना काढेल यावर माझा विश्वास नाही. म्हणून खाली दिलेली पद्धत आवडीचा खर्च आधी लिहून टाकते आणि जो खर्च कुणाला आठवतसुद्धा नाही, त्याच्या मागे लागते.

मंडळी आणि महिना

एकट्यानं करू नका. गल्लीतली, ऑफिसातली किंवा भिशीतली चार-सहा घरं जमवा. भिशी वर्षानुवर्षं टिकते, कारण ठरल्या दिवशी चारचौघांत तोंड दाखवावं लागतं. इथंही तेच कामाला येतं. पण ही भिशी नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. कुणाकडेही पैसे जमा करायचे नाहीत, वर्गणी नाही, बक्षिसाचा गल्ला नाही. ज्याची बचत त्याच्याच खात्यात. पैसा एका हातात आला की चॅलेंज बाजूला राहतं आणि नात्यात कडवटपणा येतो.

पगार कुणी कुणाला सांगायचा नाही. आपण ठरवलेली रक्कम आणि झालेला खर्च यातला फरक तेवढा सांगायचा. पंधरा हजार कमावणारा आणि लाख कमावणारा एकाच गटात बसू शकतात ते यामुळेच.

पळवाटा आधीच बंद करा. चॅलेंजच्या आदल्या दिवशी दोन महिन्यांचा किराणा भरून ठेवणारा हुशार प्रत्येक गटात एक असतोच. तो किराणा याच महिन्यात धरायचा. दुकानदाराच्या वहीवर लिहून आणलेला माल ज्या दिवशी घरी आला त्या दिवशीच्या खर्चात; पैसे कधी दिले याला अर्थ नाही. क्रेडिट कार्डालाही हाच नियम.

आता महिना. जून नको, शाळा सुरू होतात आणि वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट यांतच सगळं जातं. आषाढ तर अजिबात नको. त्र्यंबोलीची यात्रा गल्लोगल्ली असते, आखाडाची जेवणं असतात, आणि त्या महिन्यात 'मी आज खर्च करत नाही' म्हणणाऱ्याला कोण विचारतो! दिवाळीचा महिना सांगायलाच नको. श्रावण बरा वाटतो, कारण बऱ्याच घरांत मांसाहार बंद असतो, पण साबुदाणा, शेंगदाणे, फळं आणि राजगिऱ्याचे लाडू मिळून वाचलेले पैसे गुपचूप खाऊन टाकतात. माझं मत फेब्रुवारीला. लीप वर्ष सोडलं तर अठ्ठावीस दिवस, म्हणजे नेमके चार आठवडे, मोठा सण क्वचित, आणि वर्षाच्या चटणीच्या, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याच्या, मिरचीची खरेदीही अजून पुढे असते.

आधीचा आठवडा : हात आवरायचा नाही, फक्त लिहायचं

सुरुवातीच्या आधी आठ दिवस नेहमीसारखाच खर्च करा आणि प्रत्येक रुपया लिहा. वही चालेल, मोबाईल चालेल, घरात लटकलेलं कॅलेंडरही चालेल. दुधाचा हिशोब पिढ्यानपिढ्या त्याच चौकटींत लिहिला जातोय, तिथंच एक आकडा जास्त लिहायचा.

फोनवरून दिलेले पैसे मात्र नीट बघा. सकाळचा चहा, दुपारी कटवडा, परतताना मुलाला चॉकलेट, पार्किंग असे दहा-वीस-तीस रुपयांचे व्यवहार डोक्यात राहत नाहीत. यूपीआय लाईट वापरत असाल तर आणखी सावध राहा. त्यातले छोटे व्यवहार बँकेच्या पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, फक्त लाईटमध्ये भरलेली रक्कम दिसते. ॲपचा इतिहास उघडूनच मोजावं लागतं. बहुतेक घरांत पहिला धक्का इथं बसतो.

याच आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढा. फडताळाच्या मागच्या बाजूला मटकी निघते, अर्धी पुडी पोहे, गेल्या उन्हाळ्यातल्या कुरडया, सांडगे, कुणीतरी दिलेला गूळ आणि एकाच मसाल्याची तीन फोडलेली पाकिटं. यादी करा आणि फ्रीजवर चिकटवा. पहिल्या आठवड्याचा स्वयंपाक शक्यतो या यादीतूनच करायचा. मटकीला मोड आणा आणि एका रविवारी मिसळ घरी करा. कट चांगला जमला तर शेव-चिवडा आणि पाव एवढंच बाहेरून आणावं लागतं. चौघांनी बाहेर जाऊन मिसळ खाल्ल्याचं बिल आठवून बघा.

बजेट मांडताना वर्षाचे खर्च महिन्यात आणा

बहुतेकांचं बजेट इथं फसतं. आपण महिन्याचा किराणा, भाडं, लाईट बिल लिहितो आणि वर्षातून एकदा येणारे खर्च 'अचानक आलेले' म्हणून सोडून देतो. वर्षाची चटणी दरवर्षी त्याच दिवसांत होते, मग ती अचानक कशी? ब्याडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटासाठी, वर सुकं खोबरं, धणे, तीळ, लसूण, कांदा, गरम मसाला, तेल आणि शेवटी डंकावरचं कांडप. एका घराची चटणी म्हणजे चांगली रक्कम असते, आणि ती एकाच आठवड्यात खिशातून जाते.

कागदावर अशा सगळ्या रकमा लिहा. समजा, चटणी ६,०००, वर्षाचं धान्य १२,०००, गाडीचा विमा २,०००, शाळेची वह्या-पुस्तकं नि गणवेश १०,०००, दिवाळी १२,०००, जत्रा आणि आहेर ६,०००. बेरीज ४८,०००. बाराने भागलं की महिन्याला ४,०००. हे चार हजार पगार झाला की वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यांना बचत म्हणायचं नाही. तो खर्चच आहे, फक्त त्याची तारीख पुढची आहे.

आता पुढचा हिशोब. घरात ४५,००० येतात असं धरू. हप्ता किंवा भाडं, फी, विजेचं बिल, गॅस, दूध, फोन असं बांधलेलं २४,०००. उरले २१,०००. वर्षाचे ४,००० बाजूला, उरले १७,०००. बचतीचे ३,००० तिथल्या तिथं वळते करा. महिनाअखेरी उरतील ते टाकू म्हटलं की उरत नाहीत. आता हातात १४,०००. चारने भागायची घाई करू नका, कारण फेब्रुवारी सोडला तर कुठलाच महिना चार आठवड्यांचा नसतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांचे १,००० आधी काढा. राहिलेल्या १३,००० चे चार भाग, म्हणजे आठवड्याला ३,२५०. भाजी, मटण-अंडी, किराण्यातली वरची खरेदी, पेट्रोल, चहापाणी, पाहुणे हे सगळं त्यातच. आकडे तुमचे वेगळे असतील, मांडणी हीच ठेवा.

वीज आणि गॅसबद्दल थोडक्यात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढचे टप्पे चढे असतात. १०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल महाग होतं असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. तरी तुमचं घर १०० च्या आसपास घुटमळत असेल तर गिझर आणि इस्त्रीकडे लक्ष देणं परवडतं. सिलिंडर लावला त्या दिवसाची तारीख त्यावर खडूनं लिहा. किती दिवस पुरला हे कळलं की महिन्याचा वाटा निघतो.

आठवडा रविवारपासून

कोल्हापुरात आठवड्याचा हिशोब सोमवारपासून करण्यात अर्थ नाही. लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार रविवारी, मटण रविवारी, पाहुणे रविवारी. म्हणून रविवारी सकाळी ३,२५० रुपये मोजून घ्या. रोख असतील तर पाकिटात. फोनवरून देत असाल तर एक जादा बचत खातं यूपीआयला जोडून त्यात तेवढेच टाका. पगाराचं खातं त्या ॲपमधून काढून टाका, ही माझी आग्रहाची सूचना आहे. शिल्लक दिसली की हात सुटतो.

बाजारात पिशवी आणि यादी घेऊन जा, आणि एकदा पूर्ण फेरी मारल्याशिवाय काही विकत घेऊ नका. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत एकाच मेथीच्या पेंडीचे तीन दर ऐकायला मिळतात. दुपार टळल्यावर पालेभाजी स्वस्त होते, पण ती त्याच दिवशी निवडून शिजवायची तयारी हवी. नाहीतर स्वस्तातली पेंडी बुधवारी कचऱ्यात जाते. पाच-सहा घरं एकत्र असाल तर कांदा, लसूण, तांदूळ, गूळ पोत्यानं किंवा ढेपेनं घेऊन वाटून घ्या. वाटणी काट्यावर करा आणि पैसे तिथंच चुकते करा.

आता मटण. चौघांना अर्धा किलो पुरतं, जर रश्श्यात जीव असेल तर. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवा. ते अळणी पाणी म्हणजेच अर्धं जेवण. निम्म्या पाण्याचा पांढरा रस्सा करा: काजू आणि खसखस ही महागाची जोडी वगळून नारळाचं दूध आणि थोडे भाजलेले पांढरे तीळ वाटून घाला. मिरे, दालचिनी, लवंग तुपात तडतडू द्या आणि दूध घातल्यावर आच मंद ठेवा, नाहीतर फुटतं. उरलेल्या पाण्याचा तांबडा, वर्षाच्या चटणीवर. फोडींचं सुकं. तांबडा मुद्दाम वाटीभर जास्त करा आणि सोमवारी त्यात उकडलेली अंडी सोडा. दुसऱ्या दिवशी तो चवीला उजवाच लागतो. बुधवारी-शुक्रवारीही मांसाहार असणाऱ्या घरांनी एक वार अंड्यांवर आणला, तरी महिन्याचा फरक डोळ्यांत भरतो.

पाहुण्यांसाठी दर आठवड्याला थोडी रक्कम राखून ठेवा. कुणी आलं नाही तर ती पुढच्या आठवड्यात न्या, एकदम दहा पावणं आली तरी तोंड पडायला नको.

रविवारची रात्र

रविवारी रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं गटाची. समोरासमोर किंवा व्हॉट्सॲपवर. प्रत्येकानं शनिवारी संपलेल्या आठवड्याच्या तीन गोष्टी सांगायच्या: ठरलं किती, झालं किती, आणि कुठला खर्च टाळता आला असता. सल्ले मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. 'एवढं पेट्रोल कसं लागतं तुम्हाला?' असं कुणी म्हणालं की पुढच्या रविवारपासून आकडे खोटे यायला लागतात.

आठवडा फसला तर पुढच्या आठवड्यातून उसनं घेऊ नका. जास्त झालेला खर्च वेगळ्या ओळीत लिहा आणि नवा आठवडा पुन्हा ३,२५० नंच सुरू करा. उसनवारी सुरू केलीत तर तिसऱ्या रविवारी हातात काहीच उरत नाही आणि लोक गट सोडतात. दवाखाना, औषधं आणि मयताला जाणं हे खर्च चॅलेंजच्या बाहेर. त्यावर चर्चाही नको.

घरातल्यांना सामील करून घ्यावं लागतं, विशेषतः सासू-सासऱ्यांना आणि कॉलेजच्या पोरांना. मुलांच्या हातात त्यांच्या आठवड्याचे पैसे द्या आणि मध्ये विचारू नका. ज्येष्ठांच्या देवधर्माला आणि पान-सुपारीला हात लावू नका. त्यातून वाचतं थोडं, वाजतं फार.

महिना संपल्यावर

शेवटच्या दिवशी दोन बेरजा करा. पहिल्या आठवड्याआधी नुसतं लिहून काढलेला खर्च आणि शेवटच्या आठवड्याचा खर्च शेजारी मांडा. मग कुठली बचत पुढेही जमेल आणि कुठली ओढूनताणून केली होती, ते घरात बसून ठरवा. ओढूनताणून केलेली खुशाल सोडून द्या.

वाचलेल्या पैशांत सगळ्या गटानं हॉटेलात जाण्याची टूम निघेलच. निघू द्या, पण आधी वाचलेली रक्कम रोजच्या खात्यातून बाहेर काढा. सवय लावायला पोस्टाचं आवर्ती ठेव खातं सोपं पडतं: महिन्याला किमान १०० रुपयांपासून सुरू होतं, मुदत पाच वर्षांची. पाच वर्षं अडकवायचे नसतील तर बँकेत कमी मुदतीचं मिळतं. हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची घ्या. आणि पुढचा महिना लगेच लावू नका. मध्ये एक महिना मोकळा सोडून त्यात फक्त लिहित राहा. दुसऱ्या फेरीचा आठवड्याचा आकडा त्या महिन्यावरून ठरवायचा आहे.