बॅटरीवरची मायटर सॉ चालवताना: हात आत घालण्याआधी बॅटरी बाहेर

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्याच्या तोंडावर घराचं काम निघालं की सुतार पहिल्यांदा विचारतो, "लाइटचं काय?" लाइट असते, पण ती कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून बॅटरीवरची मायटर सॉ, म्हणजे वरून खाली आणून लाकूड हव्या त्या कोनात कापणारी गोल पात्याची करवत, आता आमच्या भागातल्या सुतारांच्या गाडीत दिसायला लागली आहे. वायर नाही, एक्स्टेंशन नाही. दरवाजाची बिडिंग, स्कर्टिंग, गणपतीच्या मखराची फ्रेम, सगळं पंचेचाळीस अंशांत नीट कापून देते.

वायर नाही ही तिची सोय, आणि धोकाही तिथंच आहे. वायरवाल्या मशीनचा प्लग काढून बाजूला टाकलेला डोळ्यांना दिसतो. लाइट गेली तर ती आपोआप गप्प होते (पण बटण बंद करायला विसरू नका, लाइट परत आली की ती उठते). बॅटरीवाली मात्र बाकड्यावर शांत पडलेली असली तरी झोपलेली नसते. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात मी लेथवर बरीच वर्षं काढली. तिथं नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायचे: चकमध्ये, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या जबड्यात, चावी ठेवून हात सोडायचा नाही. या मशीनचा तसलाच नियम म्हणजे पात्याजवळ हात न्यायचा असेल, मग ते ब्लेड बदलायला असो, कोन बसवायला असो की अडकलेली ढलपी काढायला, आधी बॅटरी बाहेर. काही मॉडेलना दोन बॅटऱ्या लागतात, तिथं दोन्ही काढा. काढलेली बॅटरी खिळ्यांच्या खिशात टाकू नका. खिळा दोन टोकांना टेकला की शॉर्ट होतो.

बसवणं

आपल्याकडं सुतार जमिनीवर उकिडवा बसून पायानं लाकूड दाबून काम करतो. करवतीला, रंध्याला ते चालतं, या मशीनला नाही. कमरेच्या उंचीचं, न हलणारं बाकडं घ्या आणि मशीन बोल्टनं किंवा क्लॅम्पनं त्याला आवळा. लांब पट्टी असेल तर तिच्या दोन्ही टोकांखाली मशीनच्या बेडइतक्याच, म्हणजे लाकूड ठेवायच्या पाटाइतक्याच, उंचीचा आधार द्या. टोक धरायला शेजारच्या पोराला उभा करू नका. तो शेवटच्या क्षणी पट्टी वर उचलतो आणि पातं चिमटतं.

अंगावर लुंगी, सैल बाह्या, मनगटात गंडा नको. गळ्यातली तुळशीची माळ काढायची नसेल तर बनियनच्या आत घाला. हातमोजेही नकोत. ते हात वाचवतील असं वाटतं, पण दात कापडात अडकला की हातासकट ओढून नेतो. डोळ्यांना गॉगल (रोजचा चष्मा पुरत नाही), कानाला इअरमफ आणि तोंडाला एन-95 मास्क. रुमाल बांधून भागवणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलेली आहे. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) कापताना तर मास्क हवाच.

कापणं

पहिला काप कोरडा घ्या. बॅटरी काढलेली असताना मुंडकं, म्हणजे मोटर आणि पात्याचा वर-खाली होणारा भाग, खाली आणा, पातं कुठं उतरतं ते बघा आणि लाकूड धरणारा हात कुठं येतो तेही बघा. हात पात्यापासून किमान 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंच लांब हवा. मी एक वीत धरतो. बेडवर दोन्ही बाजूंना मार्करनं रेषा ओढून ठेवली तर दर वेळी डोकं चालवावं लागत नाही. त्या रेषेच्या आत हात न्यावा लागतोय इतका तुकडा छोटा असेल, तर तो क्लॅम्पनं धरा किंवा मोठ्या पट्टीतूनच आधी कापून घ्या. आणि डावा हात पात्याच्या उजवीकडं, असे हात आडवेतिडवे कधीच नकोत.

आता बॅटरी लावा. लाकूड बेडवर आणि मागच्या फेन्सला, म्हणजे उभ्या पट्टीला, घट्ट टेकवा, ट्रिगर दाबा आणि थांबा. पातं पूर्ण वेगात आलं की आवाज एकसारखा होतो, मगच हळूहळू खाली आणा. जोर लावायचा नसतो. काप पुरा झाला की मुंडकं खालीच ठेवून ट्रिगर सोडा, पातं पूर्ण थांबू द्या आणि मग वर उचला. बहुतेकांची घाई इथंच होते. फिरतं पातं वर येताना कापलेला तुकडा सोबत उचलतं.

मला ते मखराच्या पट्ट्या कापताना कळलं. सगळे तुकडे एका मापाचे यावेत म्हणून मी सुट्या पडणाऱ्या बाजूला लाकडी ठोकळा आवळून ठेवला होता. चौथ्या कापाला तुकडा ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये अडकला आणि कानाजवळून सूं करत मागच्या पत्र्यावर जाऊन आदळला. आतून बायको ओरडली, "काय करूलास रे?" तेव्हापासून स्टॉप लावतो तो हातानं धरलेल्या बाजूलाच. सुटा तुकडा सुटाच राहिला पाहिजे.

सरकणारी, म्हणजे स्लाइडिंग मशीन असेल तर मुंडकं आधी स्वतःकडं ओढा, मग चालू करून खाली दाबा आणि फेन्सकडं ढकलत कापा. चालू पातं स्वतःकडं ओढत कापलंत तर ते लाकडावर चढून अंगावर येतं.

लाकूड वाकलेलं असलं तर फुगीर बाजू फेन्सला लावा. पोकळ बाजू फेन्सला गेली की काप मधोमध आला की मिटतो आणि पातं धरतो. पावसात भिजलेला ऐन, ज्याला आमच्याकडं मत्ती म्हणतात, तसाच पातं धरून बसतो, आणि उतरत आलेल्या बॅटरीला ते झेपत नाही. वेग पडायला लागला की ट्रिगर सोडा, पातं थांबू द्या, बॅटरी बदला. जुन्या घराच्या तुळया, चौकटी कापणार असाल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा.

गार्ड

पातं झाकणारा खालचा प्लॅस्टिकचा गार्ड मुंडकं खाली नेलं की आपोआप उघडतो आणि वर आणलं की मिटतो. "रेघ दिसत नाही" म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो वर बांधून ठेवलेली मशीन मी बेळगावात एकाहून जास्त ठिकाणी पाहिली आहेत. रेघ दिसत नाही कारण गार्डवर भुसा बसलेला असतो. बॅटरी काढा, फडक्यानं पुसा. गार्ड अडखळत असेल तर आधी दुरुस्त करा, तोवर काम बंद.

ब्लेड बदलताना पात्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. बोल्टचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर बोल्ट सुटतो. उलट फिरवून पाना घसरला की बोटं सरळ दातांवर. पात्यावर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त पाहिजे. फरशी कापायची चकती इथं लावायची नाही. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका, एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवू नका, आणि मशीन पावसात उघड्यावर चालवू नका.

रात्री काम आटोपलं की बॅटरी काढून वेगळी, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा.

बोट तुटलंच, तर स्वच्छ कापडानं जखम घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, भाग थेट बर्फावर नको. 108 ला फोन करा. कणकुंबीच्या बाजूला रेंज जाते, म्हणून तिकडं काम असेल तर मशीन चालू करण्याआधीच विचारून ठेवा की फोन कुठून लागतो आणि गाडी कुणाच्या दारात आहे.