देवदर्शनाच्या पाहुण्यांसाठी घर कसं लावावं

तुळजापूर, वेरूळ, नांदेडसारख्या ठिकाणी दोन दिवसांसाठी घर देताना एक ध्यानात ठेवा: येणारा आपला नेम सोबत घेऊन येतो. तो बिनबोभाट पार पडला की पाहुणचार झाला. म्हणून बुकिंग पक्कं होताच फोन करून विचारा: दर्शनाला किती वाजता निघणार, उपास कुणाला आहे, कांदा-लसूण चालतो का, सोबत वयस्कर माणूस आहे का. असेल तर तळमजल्याची खोली, कमोड आणि न्हाणीत बसायला स्टूल.

सगळ्यात जास्त फजिती होते ती पहाटेच्या पाण्याची. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर थंडीतलं पाणी कडक तापवायला अर्धा-पाऊण तास घेतो, आणि त्यात विसण घालून जेमतेम अडीच बादल्या होतात. सहा माणसांना साडेचारला निघायचं असेल तर पहिल्या अंघोळी अडीचलाच सुरू व्हाव्या लागतात. बोअरचं पाणी जड असल्याने कॉइलवर क्षार बसतात आणि वेळ आणखी वाढतो. वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या. वीज गेली तर अंगणात बंब हवाच. लाकडं आदल्या रात्रीच वाळकी, आडोशाला रचून ठेवावीत.

देवघर छोटं असलं तरी चालेल. समईखाली ताट ठेवा, नाहीतर तेल फरशीवर उतरतं आणि पहाटेच्या अंधारात कुणीतरी घसरतं. पडदा समईपासून किमान दोन हात दूर असावा. तुळजाभवानीच्या भक्तांकडे परडी, म्हणजे जोगव्याची टोपली असते. ती जमिनीवर ठेवत नाहीत, तेव्हा स्वच्छ पाट किंवा कोनाडा मोकळा ठेवा. मळवट भरून आलेल्यांच्या उशांना हळद लागणारच. तो डाग साबणाने लाल होतो. आधी नुसत्या पाण्यात खळबळून घ्या, मग धुऊन कडक उन्हात टाका. उन्हाने पिवळेपणा उडतो. अभ्रे गडद रंगाचेच घ्यावेत.

उपासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी पुरे. दोघांना एक वाटी भगर: धुऊन, तुपावर परतून, तीन वाट्या उकळतं पाणी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. गार पाणी ओतलं की गोळा होतो. आमटीला एक वाटी कुटाला साडेतीन वाट्या पाणी, हिरवी मिरची, आमसूल, गूळ. जिरं-कोथिंबीर मात्र विचारूनच. काही घरांत उपासाला चालत नाही. उपासाची कढई वेगळी ठेवली आणि ती पाहुण्यांना दाखवली, तर त्यांचा जीव निवांत होतो.

नांदेडला गुरुद्वाऱ्यासाठी आलेल्या शीख कुटुंबाच्या खोलीतून अॅश-ट्रे आधी काढा; तंबाखू त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे. केस धुवायचे असतात, तेव्हा माणशी एक बादली जास्त धरा. खुलताबादच्या दर्ग्यांना आलेल्यांना नमाजासाठी स्वच्छ सतरंजी द्या. किब्ला इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. त्या भिंतीवर तसबिरी नसाव्यात. आपल्या घरचा देव पाहुण्यावर लादू नये, आरतीला बोलावणं एकदाच करावं.

तुळजापुरात पुष्कळ घराण्यांचे पुजारी ठरलेले असतात. आपल्या ओळखीचा पुजारी गळ्यात मारू नका, कमिशनसाठी तर नाहीच. वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं आणि लेणी मंगळवारी बंद असतात, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

ओळखपत्रं आल्या आल्या घ्या; परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरायची असते. जेवणाचे पैसे वेगळे घेणार असाल तर तेही फोनवरच सांगावं. जेवून उठल्यावर आकडा ऐकला की गोडी जाते.

निघताना शिदोरीला माणशी तीन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी द्या. धपाटे जाळीवर पूर्ण गार करूनच कागदात बांधा. गरम बांधले तर वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत वास येतो.