वरळीच्या डोमला कबड्डी बघायला जाताय? या चुका टाळा

प्रो कबड्डीचे मुंबईतले सामने जाहीर झाले की चिपळूण-संगमेश्वर-रत्नागिरी पट्ट्यातनं मला फोन सुरू होतात. दादा तू जाऊन आलायस ना, जरा सांग. सांगतो मी, पण ऐकतं कोण? मोबाईलवर तिकीट आलं की पोरांना वाटतं काम झालं. 2014 ला 26 जुलैला प्रो कबड्डीची पहिलीवहिली मॅच याच डोममध्ये, म्हणजे वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाली, यू मुंबा आणि जयपूर या संघांची, तेव्हापासून जमेल तेव्हा जातोय, आणि खरं सांगू का, आतली मॅच कोणाची चुकत नाही. चुकतं ते सगळं आत शिरायच्या आधी आणि बाहेर पडल्यावर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परतीच्या गाडीची तारीख. ही मी स्वतः केलीय म्हणून जरा लांबण लावणार आहे.

जानेवारी 2024, दहाव्या सीझनचे मुंबईतले सामने. आम्ही मंडळाचे 11 जण 6 तारखेचे, म्हणजे शनिवारचे सामने बघायला निघालो. पहिला आठला, दुसरा नऊला, दहा-सव्वादहापर्यंत सगळं आटपणार. कोकणकन्या सीएसएमटीहून 11:05 ला सुटते, ती दादरला पकडायची तर धावाधाव, त्यापेक्षा तुतारी बरी, दादरहून 00:05. निवांत हिशोब. तिकिटं मीच काढली, जाणकार ना मी! शनिवारी रात्री निघायचं म्हणून तारीख टाकली 6 जानेवारी आणि सगळ्या सीटा एकाच डब्यात मिळाल्या म्हणून दोन दिवस ग्रुपवर मिरवलो पण.

दादरला गाडी लागली, डब्यात चढलो तर आमच्या सीटवर सावंतवाडीकडचं एक कुटुंब चादरी अंथरून झोपायच्या तयारीत. मी आवाज चढवला, त्यांनी शांतपणे त्यांचं तिकीट दाखवलं. टीसी आला, त्याने माझा मोबाईल हातात घेतला, एकदा तिकिटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "काका, तुमची गाडी काल रात्रीच गेली." रात्री बारा वाजले की तारीख बदलते हे मला पोरांसमोर समजावून सांगितलं त्याने. म्हणजे आम्ही मुंबईत पाय ठेवायच्या आधीच आमची परतीची गाडी सुटून गेली होती. दोघे धावत जाऊन जनरलची तिकिटं काढून आले आणि मग 11 जण जनरलमध्ये संडासाच्या दाराशी पेपर टाकून बसलो. पनवेल येईपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि बोलले तेव्हा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आता मी काय करतो, तर तिकीट काढायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहितो, 'शनिवारी मॅच, रविवारची तारीख', आणि बुकिंगचं बटण दाबायच्या आधी बायकोला मोठ्याने वाचायला लावतो. तिला कबड्डीतलं काही कळत नाही पण तारखा बरोबर कळतात. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं तेही बघा, मागच्या वेळच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

दुसरी चूक, बॅग. अशा बंदिस्त स्टेडियमात बाहेरचं खाणं-पाणी आणि मोठ्या बॅगा बहुतेक वेळा आत सोडत नाहीत, हे तिकिटाच्या खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते कोणी म्हणजे कोणीच वाचत नाही. आमच्या एका पोराला आईने लालबागच्या मावशीसाठी पिशवी दिली होती, "आधी तिला देऊन ये मग जा मॅचला." साहेबांना घाई, म्हणाला मॅच झाल्यावर देतो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली. वरती आंबोळ्या, त्याखाली सोलं आणि तळाला सुके बांगडे. मागची रांग दोन पावलं मागे सरकली. पहिली मॅच तो बाहेर फुटपाथवर पिशवी सांभाळत बसला आणि आतल्या आवाजावरून मोबाईलवर स्कोर जुळवत होता. नातेवाईक असतील तर सामान आधी तिथे टाका. स्टेशनच्या क्लोकरूमला कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि बांगड्यांचं मी विचारलेलं नाही.

क्यूआर कोड. एकाने चार तिकिटं काढली आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की चार जण चार दिशांनी येतात. पहिला स्कॅन करून आत गेला की तोच कोड दुसऱ्याला चालेलच असं नाही. एका बुकिंगचे सगळे एकत्र या, विषय संपला.

रिक्षा शोधू नका. वरळीत रिक्षा चालतच नाही. दादरहून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडची स्लो पकडा, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, आणि तिथून टॅक्सी. टॅक्सीवाल्याला सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम असं पूर्ण अधिकृत नाव सांगत बसू नका, हाजी अलीजवळचं एनएससीआय म्हणा.

सीट घेताना सगळे 'सगळ्यात पुढची' मागतात. देवळासमोरच्या मैदानात रेषेला चिकटून उभं राहायची सवय आपल्याला, इथे ती कामाची नाही. मॅट 13 बाय 10 मीटर. पुढे पण अंतिम रेषेच्या मागे बसलात तर डिफेंडरांच्या पाठी बघायच्या. मी बाजूची, मधल्या रेषेच्या समोरची आणि थोडी उंचावरची घेतो, मिळाली तर स्वस्तातली. चढाई करणाऱ्याने ओलांडायची निदान रेषा मधल्या रेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा तिच्या पुढे 1 मीटर, आणि बोनसचा जादा गुण मिळायला चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे नि दुसरा हवेत लागतो. तो उचललेला पाय उंचावरूनच दिसतो, खाली बसलेले नुसते "बोनस, बोनस" ओरडतात.

फोन चार्ज करून जा. शेवटच्या दोन मिनिटांत टॅक्सीसाठी उठू नका, मागचे शिव्या देतात, त्यातला एक मी असतो.

आणि एसी. आमच्या चुलत्यांनी त्या जानेवारीत मफलर आणली तेव्हा पोरं हसली होती, दुसऱ्या मॅचला तीच मफलर चौघांत फिरत होती.